मधुमेहीच्या पायावरची शस्त्रक्रिया : कशासाठी, केव्हा आणि कुठे



देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या या किनारपट्टीवर मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली आणि ती महिना-दोन महिने भरली नाही, की घरात एक वाक्य दबक्या आवाजात येते : 'पाय कापूचो लागतलो.' त्या भीतीने शस्त्रक्रियेचे नावच काढायचे नाही असे ठरते. ड्रेसिंग चालू राहते, मलम बदलते, गोळ्या बदलतात, कुणी सांगितलेला पाला बांधून होतो. मग एके दिवशी थंडी वाजून ताप भरतो, पाय घोट्यापर्यंत सुजतो, एखादे बोट काळे पडते आणि गाडी गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाच्या रस्त्याला लागते. तिथे पाय जातो. भीती खरी ठरते आणि शेजारच्या घरातली तीच भीती आणखी पक्की होते. मला आज एवढेच मांडायचे आहे की यातला जाणारा पाय बहुतेक वेळा शस्त्रक्रियेमुळे जात नाही, ती लांबल्यामुळे जातो. वेळेवर केलेली लहान शस्त्रक्रिया हा पाय राखण्याचा उपाय आहे, त्यामागे चांगला पुरावा आहे, आणि त्यातल्या पुष्कळ शस्त्रक्रिया याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात होण्यासारख्या आहेत.

प्रश्न किती मोठा आहे हे आधी पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मधुमेहाची देशव्यापी पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांमधले प्रमाण ११.४ टक्के आहे, असे त्यात दिसले. सर्वांत जास्त प्रमाण होते गोव्यात, २६.४ टक्के. गोवा म्हणजे आपल्या तेरेखोल नदीच्या पलीकडचा काठ. तिकडचे जेवण, तिकडची मासळी, शेती सोडून बसून करायच्या कामाकडे वळलेली पिढी, यांत आणि आपल्यात फार अंतर नाही. मधुमेह झालेल्या १०० माणसांपैकी १९ ते ३४ जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाला न भरणारी जखम होते, असा जगभरच्या अभ्यासांचा अंदाज आहे. मधुमेहींचे जे पाय कापावे लागतात, त्यांतल्या सुमारे ८५ टक्के पायांची सुरुवात अशाच एखाद्या जखमेने झालेली असते. म्हणजे हा बळी अचानक पडत नाही. आधी आठवडे, बहुधा महिने, हातात असतात.

ही जखम होते कशी? वर्षानुवर्षे रक्तात साखर जास्त राहिली की पायाच्या मज्जातंतूंची हानी होते. आधी मुंग्या येतात, जळजळ होते, नंतर पाय बधिर होतो. बधिर पायाने आपल्या भागातले आयुष्य जगणे धोक्याचे आहे. वैशाखात तापलेला जांभ्याचा कातळ, रापण ओढताना रुतणारे शिंपले, माशाचा काटा, कालवे काढताना लागणारी धार, लावणीच्या दिवसांत तासन् तास चिखलात भिजलेली बोटे आणि त्यांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, यांतले काहीही दुखत नाही. देवाच्या जत्रेला अनवाणी जाणाऱ्या भाविकाला फोड आलेला घरी आल्यावर, तोही दुसऱ्याने दाखवल्यावर कळतो. समुद्राच्या पाण्यातल्या काही जिवाणूंचा संसर्ग मधुमेहीच्या जखमेत भयानक वेगाने पसरतो. म्हणून जखम समुद्रावर झाली असेल तर ते डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावे. मात्र सर्वांत चिवट जखम बाहेरून आलेल्या काट्याने होत नाही, ती पायाच्या स्वतःच्या हाडामुळे होते. मज्जातंतू निकामी झाले की पायातले लहान स्नायू दुबळे होतात, बोटे पंजासारखी वाकतात, चवड्यातली हाडांची टोके खाली दाबली जातात. साखर चिकटून पोटरीमागची जाड शीर (स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, रक्तवाहिनी नव्हे) ताठ होते, घोटा पुरेसा वर वळत नाही आणि प्रत्येक पावलाला चवड्यावर जास्त भार जास्त वेळ पडतो. तिथे घट्टा तयार होतो, घट्ट्याखाली रक्त साकळते, ते फुटते आणि गोल, कडा जाड असलेली, न दुखणारी जखम दिसू लागते. तिला वरून कितीही औषध लावले तरी आतले हाड आणि बाहेरची जमीन यांच्यामध्ये ती रोज हजारो वेळा चिरडली जाते.

हे ज्ञान मधुमेहाच्या दवाखान्यांतून आलेले नाही, ते कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतून आले, आणि तेही आपल्याच देशातून. कुष्ठरोग्याचे मांस आपोआप सडते असा समज होता. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी बारकाईने पाहिले तेव्हा त्यांना दिसले की मांस रोगाने सडत नाही, वेदना नसल्यामुळे माणूस जखमेवर चालत राहतो आणि ती खोल जाते. पायाला घट्ट बसणारे प्लास्टर घालून भार सगळ्या तळव्यावर वाटून द्यायचा, ही युक्ती १९३० च्या दशकात भारतात आणि सिलोनमध्ये कुष्ठरोग्यांवर वापरली जात होती. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, तेव्हा ती त्यांच्याबरोबर गेली आणि तिथून मधुमेहींच्या उपचारात शिरली. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांच्या हातापायांवरच्या शस्त्रक्रियांपासून सुरुवात केली आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. कुष्ठरोग्यांसाठी सरकारी कार्यक्रमातून मिळणाऱ्या मऊ रबराच्या एमसीआर चपला आपल्या आरोग्य खात्याच्या ओळखीच्या आहेत. बधिर पाय कसा सांभाळायचा हे या खात्याला कित्येक दशके ठाऊक आहे. ती विद्या मधुमेहीच्या पायापर्यंत पोचवायला नव्या शोधाची गरज नाही.

आता शस्त्रक्रियेचा पुरावा. पहिली गोष्ट, साधे प्लास्टर किती काम करते हे मान्य करायला हवे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत, ज्यांना न काढता येणारे प्लास्टर घातले त्यांच्यापैकी जवळजवळ ९० टक्के लोकांची जखम १२ आठवड्यांत भरली. काढता येणारा बूट दिलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्के होते आणि अर्ध्या तळाचा बूट दिलेल्यांत ५८ टक्के. काढता येते ते माणूस घरात काढून ठेवतो, हे त्यामागचे साधे कारण. मग शस्त्रक्रिया कशाला? कारण प्लास्टर निघाले की तेच हाड, तीच ताठ शीर, तोच दाब परत येतो. २००३ साली ६४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांना प्लास्टर होते. निम्म्यांच्या टाचेमागच्या शिरेला कातडीतून तीन बारीक छेद देऊन ती थोडी लांब केली. जखम भरून सात महिने झाले तेव्हा नुसत्या प्लास्टरवाल्यांपैकी ५९ टक्के लोकांना जखम पुन्हा झाली होती, शीर लांब केलेल्यांत १५ टक्के लोकांना. दोन वर्षांनी हे आकडे ८१ आणि ३८ झाले. त्याआधी १९९८ मध्ये इटलीत एका गटाला नेहमीचे ड्रेसिंग आणि भार कमी करण्याचे उपाय दिले, दुसऱ्या गटात जखम मुळापासून कापून खालचे दाबणारे हाड काढून टाकले आणि कातडी शिवली. पहिल्या गटाला बरे व्हायला सरासरी १२९ दिवस लागले, दुसऱ्याला ४७. रापणीच्या किंवा शेताच्या हंगामावर पोट असलेल्या माणसाच्या हिशेबात या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे पुरे अडीच महिन्यांची मजुरी. वाकलेल्या बोटाच्या टोकावर जखम असेल तर त्याहूनही लहान काम पुरते. जाड सुईच्या टोकाने बोटाखालची शीर तोडायची, बोट सरळ होते, टोकावरचा दाब जातो. हे बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होते आणि मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्याची स्पष्ट शिफारस आहे.

या शस्त्रक्रियांना दोष नाहीत असे नाही. चवड्यातले एक हाड काढले की त्याचा भार शेजारच्या हाडावर जातो आणि तिथे नवी जखम होऊ शकते. टाचेची शीर गरजेपेक्षा जास्त लांब झाली तर टाचेवर जखम होते, वर सांगितलेल्या चाचणीतही काहींना ती झाली. म्हणून कुणाला प्लास्टर पुरे आणि कुणाला छेद हवा, हे पाय पाहूनच ठरते. हाडापर्यंत गेलेल्या संसर्गाचेही तसेच आहे. निर्जंतुक सळई जखमेत घातली आणि टोकाला कठीण हाड लागले, तर हाडाला कीड लागली असण्याची शक्यता मोठी. पूर्वी अशा बोटाला सर्रास कापून टाकत. २०१४ साली स्पेनमधल्या चाचणीत पायाच्या पुढच्या भागातल्या हाडाच्या संसर्गावर एका गटाला नुसती प्रतिजैविके दिली, दुसऱ्यात फक्त किडलेले हाड काढले आणि बोट राखले. ७५ आणि ८६ टक्के लोक बरे झाले, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक लक्षणीय नव्हता. मात्र त्या रुग्णांचे रक्ताभिसरण चांगले होते आणि मऊ मांसात मोठा पू नव्हता. औषधांनी भागत असेल तिथे शस्त्र उचलू नये, हे मी अगदी मनापासून म्हणतो. जिथे पू आहे, मेलेले मांस आहे, तिथे मात्र औषधाचा रक्तातून शिरकावच होत नाही. तळपायात स्नायूंचे बंद कप्पे असतात. पू त्यांत कोंडला की तो शिरांच्या नळ्यांतून घोट्याकडे चढतो आणि दाबाने बोटांचा रक्तपुरवठा बंद करतो. पाय बधिर असल्याने रुग्णाला फारसे दुखत नाही, म्हणून घरचे निश्चिंत असतात. तिथे काही तासांत तळवा लांबवर उघडून पू काढणे हाच इलाज आहे. सोमवारी एक बोट वाचू शकत असेल ते शुक्रवारी वाचत नाही.

सर्वांत जुना आक्षेप असा : मधुमेहीची जखम मुळातच भरत नाही, मग कापून आणखी मोठी कशाला करायची? हा आक्षेप फक्त वाडीत ऐकू येतो असे नाही, एके काळी तो वैद्यकाच्या पुस्तकांतही होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस असे सांगितले गेले की मधुमेहात पायाच्या अगदी बारीक रक्तवाहिन्याच बंद होतात, त्यामुळे रक्त पोचवण्याचा काही मार्गच उरत नाही. या समजुतीने शल्यचिकित्सकांनी हात आखडला आणि असंख्य पाय कापले गेले. १९८४ साली लोगेर्फो आणि कॉफमन या बॉस्टनच्या डॉक्टरांनी पुरावा तपासून दाखवले की तसा सरसकट अडथळा नसतो. अडथळा असतो तो गुडघ्याखालच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत, आणि पावलातली वाहिनी पुष्कळदा मोकळी असते. म्हणजे वरून रक्त आणून जोडले, किंवा फुगा घालून वाहिनी उघडली, तर पाऊल जगू शकते. त्यानंतर पावलाच्या वरच्या वाहिनीपर्यंत बायपास करण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने झाल्या. आक्षेपात जे खरे आहे ते इतकेच की रक्त न तपासता छेद देऊ नये. घोट्यापाशी आणि पावलावर नाडी लागते का हे बोटांनी पाहायला काही पैसे लागत नाहीत. ती लागली नाही तर हातातल्या लहान डॉप्लर यंत्राने तपासायचे. रक्त कमी असेल तर आधी ते वाढवायचे, हाड आणि कातडीचे काम नंतर. पू असेल तर मात्र आधी पू, बाकी सगळे मागून. हा क्रम चुकला की चांगली शस्त्रक्रियाही फसते आणि दोष मधुमेहावर जातो.

दुसरा आक्षेप साखरेचा. 'आधी शुगर खाली आणा, मग ऑपरेशन', असे सांगून रुग्णाला परत पाठवले जाते. ठरवून करायच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी हे बरोबर आहे, तिला थोडा वेळ देता येतो. पण पू भरलेल्या पायाच्या बाबतीत हे उलटे आहे. तो पूच साखर चढवतो. संसर्ग अंगात असेपर्यंत शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, आणि पू निघाला की त्याच इन्सुलिनच्या कमी मात्रेत साखर उतरू लागते. रक्तवाहिनीतून इन्सुलिन चालू ठेवून त्याच दिवशी पू काढता येतो, त्याला आठवडाभर थांबण्याची गरज नाही. भूल देण्याची काळजीही इथे कमी असते. बधिर पायाला घोट्यापाशी दिलेली सुई बऱ्याचदा पुरते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत व्यवहारी वाटतो. इतके प्लास्टर, इतके छेद, इतक्या फेऱ्या करण्यापेक्षा पाय एकदाच कापावा, कृत्रिम पाय लावावा, माणूस कामाला लागेल. या मताला मी पूर्णपणे विरोध करतो. २०२० साली एकत्र मांडलेल्या आकड्यांनुसार, मधुमेहामुळे पाय घोट्याच्या वर कापलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त लोक पाच वर्षांत दगावतात. सगळ्या कर्करोगांचे मिळून हे प्रमाण ३१ टक्के आहे. यातले बहुतेक मृत्यू हृदयाने आणि मूत्रपिंडांनी होतात, केवळ कापण्याने नव्हे, हे खरे. तरीही उरलेल्या एकाच बधिर पायावर सगळा भार पडतो आणि तोही जखमी होतो. शिवाय आपली घरे पाहा. चिऱ्यांच्या पायऱ्या, उतरणीवरची पाणंद, शेवाळलेले अंगण, पुळणीतली वाळू. सत्तरीच्या माणसाला कृत्रिम पायाने तिथे चालायला जे बळ लागते ते त्याच्या हृदयात उरलेले नसते. तो पाय कोपऱ्यात उभा राहतो आणि माणूस खाटेवर. अर्थात काही पाय कापावेच लागतात. जीव धोक्यात असेल, मांस सगळे मेले असेल, तर विलंब न करता कापावे आणि ती हार समजू नये. पण किती कापायचे याला अर्थ आहे. बॉस्टनमध्ये मॅकिट्रिक यांनी १९४९ साली दाखवून दिले होते की पुष्कळ पायांत चवड्यातून पुढचा भाग काढला आणि टाच राखली, तरी जखम भरते. टाच राहिलेला माणूस स्वतःच्या पायावर न्हाणीघरापर्यंत जातो. गुडघा राहिलेला माणूस कृत्रिम पायावर चालायची खरी शक्यता बाळगतो. मांडीतून कापलेल्या वयस्काची ती शक्यता फार कमी.

उरतो तो आक्षेप, ज्याचे उत्तर शस्त्रक्रियेत नाही. जखम भरली तरी वर्षभरात सुमारे ४० टक्के लोकांना ती पुन्हा होते आणि पाच वर्षांत ६५ टक्क्यांना. मग एवढा खटाटोप वाया नाही का? जखम भरल्यावर रुग्णाला जुन्याच अंगठ्याच्या चपलेत घरी पाठवले तर तो वायाच आहे; उत्तर आहे ते पुढच्या काळजीत. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी २००० च्या दशकात परदेशी सहकाऱ्यांबरोबर 'स्टेप बाय स्टेप' हा कार्यक्रम चालवला. डॉक्टर आणि परिचारिका अशी जोडी लहान गावांतून बोलवायची, तिला पाय तपासायला, घट्टा तासायला, पादत्राण सुचवायला शिकवायचे आणि परत आपल्या गावी कामाला लावायचे. मुंबईत डॉ. अरुण बाळ यांनी मधुमेही पायाची शस्त्रक्रिया ही स्वतंत्र शिस्त म्हणून वाढवली. महाराष्ट्राकडे या विषयातले अनुभवी लोक आहेत. आपल्या सरकारी योजनेत एक मोठी उणीव आहे ती इथे सांगितली पाहिजे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा सगळा भर रुग्णालयात दाखल झालेल्यांवरच्या उपचारांवर आहे. पाय कापायला पैसे मिळतात, पण ज्याने पाय वाचतो ती चप्पल आणि ती महिन्याची तपासणी रुग्णाच्या खिशावर राहते. हा उलटा हिशेब आहे आणि तो बदलला पाहिजे.

मग या जिल्ह्यात काय करता येईल? १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला तेव्हा जे नव्हते ते आज आहे. ओरोसला जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पडवे इथे खासगी वैद्यकीय महाविद्यालय, सावंतवाडी आणि कणकवलीला उपजिल्हा रुग्णालये. पू काढणे, मेलेले मांस काढणे, किडलेले बोट किंवा हाड काढणे, सुईने शीर तोडणे, प्लास्टर घालणे, यांना जनरल सर्जन, एक्स-रे, इन्सुलिन, पू तपासायची प्रयोगशाळा आणि प्लास्टर एवढेच लागते. बायपास आणि रक्तवाहिनीतला फुगा यांसाठी बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागणार, त्यात कमीपणा नाही. पण पू भरलेला पाय शंभराहून जास्त किलोमीटर, पावसाळ्यात दरड कोसळलेल्या घाटातून, न उघडताच नेणे हे टाळता येण्यासारखे आहे. पू इथे काढावा, मग रक्तासाठी पाठवावे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस फक्त पायांची ओपीडी असावी आणि तिथे सर्जन, मधुमेहाचा डॉक्टर, प्लास्टर घालणारा आणि चपलांचा कारागीर एकाच खोलीत बसावेत. गावात आशाताईंच्या हातात १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा द्यावा. त्याचा स्पर्श तळव्याला कळला नाही तर तो पाय धोक्याचा, हे शिकायला एक दुपार पुरते. डॉ. अंतियांनी सत्तरच्या दशकात अलिबागजवळच्या मांडव्यात गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवले होते. कोकणाला हे नवे नाही.

आणि तुम्ही जे इथे बसला आहात, त्या तुमच्याकडे एक मागणे आहे. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या मुला-सुनांनी आई-वडिलांचे तळवे उजेडात पाहावेत, बोटांच्या बेचक्यांसकट. जखम दोन आठवड्यांत निम्मी झाली नाही तर नुसत्या ड्रेसिंगवर थांबू नका, 'हाडाला लागली आहे का, रक्त येते आहे का, भार कसा काढणार', हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारा. पाय लाल होऊन सुजला, वास आला, बोट काळे पडले किंवा ताप भरला, तर दुखत नाही म्हणून सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री निघा.